आजीची कोरफड आणि बहिणीचं झेब्रा रोप

गेल्या वर्षी जूनमध्ये माझी धाकटी बहीण शिकायला पुण्याला गेली. जाताना तिनं दोन बॅगा भरल्या, आजीनं लोणच्याची बरणी दिली, आईनं पन्नास सूचना दिल्या. गाडीत बसताना तिनं माझ्या हातात एक छोटी कुंडी ठेवली आणि म्हणाली, "ताई, बाकी काही नको, एवढं सांभाळ."

कुंडी मुठीत मावेल एवढी. त्यात गडद हिरव्या, टोकदार, जाड पानांचा गुच्छ आणि पानांवर पांढऱ्या ठिपक्यांचे आडवे पट्टे. कुंडीत खोचलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर लिहिलं होतं 'हॉवर्थिया फॅसिएटा'. नर्सरीवाल्यानं मात्र ते 'झेब्रा कॅक्टस' म्हणून विकलं होतं. एका रोपाला दोन नावं, आणि पुढे मला कळलं ते असं की दोन्ही चुकीची!

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, ऑफिसच्या टेबलावर किंवा हॉस्टेलच्या खिडकीत हे रोप असेल. हल्ली वाढदिवसाला, रिटर्न गिफ्टला, गृहप्रवेशाला हेच देतात. म्हणून त्याची ही गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटली. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगते.

तांब्यातलं पाणी

इंदूरमध्ये रामबागेत आमचं जुनं घर आहे. मागच्या बाजूला उघडी गॅलरी, तिथे तुळस, जास्वंद, कढीपत्ता आणि आजीचा मोगरा. मीही ती कुंडी तिथेच ठेवली. झाड म्हटलं की ऊन हवं, पाणी हवं, एवढीच माझी अक्कल. सकाळी साडेआठला मी ऑफिसला पळायची. आजी अंघोळ करून तुळशीला पाणी घालायची आणि तांब्यात उरलेलं पाणी या नव्या पाहुण्याला. लेकीची आठवण म्हणून जरा प्रेमानंच.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. वरून पावसाचं पाणी, खालून तांब्यातलं पाणी. ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी मी कुंडी पुसायला उचलली आणि पानांचा अख्खा गुच्छ अलगद माझ्या हातात आला. खाली मूळच नव्हतं. बुडाशी तपकिरी, मऊ, लिबलिबीत झालेलं आणि कुजका वास.

मी चिडले. "आजी, तुला कुणी सांगितलं होतं याला रोज पाणी घालायला?"

आजी काही बोलली नाही. ओला हात पदराला पुसून आत गेली. रात्री जेवतानाही गप्पच होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं की तिला रोज पाणी घालायला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण घालू नकोस असंही कुणी सांगितलं नव्हतं. कारण ते मलाही माहीत नव्हतं. रोप माझ्या हवाली होतं, आजीच्या नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चप्पल घालत होते, तर आजी मुख्य दाराशी उभी राहून वर बघत होती. आमच्याकडे दारावर दृष्ट लागू नये म्हणून कोरफड उलटी टांगलेली असते. तुमच्याकडेही कदाचित असेल. आजी म्हणाली, "ही टांगून वर्ष होत आलं बघ. माती नाही, पाणी नाही, तरी हिरवी आहे. आणि तुझं ते रोप मला हिच्याच घरातलं दिसतं. तसंच जाड पान, तसाच गुच्छ. मग मी त्याला पाण्यात बुडवत का बसले गं?"

पट्टीवरच्या नावापेक्षा आणि नर्सरीवाल्याच्या नावापेक्षा आजीचं निदान जास्त बरोबर होतं.

कॅक्टस नव्हे, कोरफडीची चुलत बहीण

हॉवर्थिया आणि कोरफड या दोन्ही वनस्पती अ‍ॅस्फोडेलेसी या एकाच कुळातल्या. कॅक्टसचं कूळ अगदी वेगळं. ते जवळजवळ सगळे मूळचे अमेरिका खंडातले, आणि आपलं हे रोप दक्षिण आफ्रिकेतलं. दोघांनीही कोरड्या हवेत राहताना पाणी साठवायला शिकून घेतलं, म्हणून लांबून सारखे वाटतात एवढंच.

ओळखायचं कसं? कॅक्टसचे काटे जिथून निघतात तिथे लोकरीसारखी बारीक गादी असते. काटा त्या गादीतून येतो. आपल्या रोपाच्या पानावर बोट फिरवा. पांढरे ठिपके खरबरीत लागतात, पण टोचत नाहीत, आणि त्यांच्याखाली गादीही नसते. ते पानाच्या सालीवरचेच उंचवटे आहेत. म्हणजे कॅक्टस हे नाव बाद.

या कुळात आणखी एक घर आहे, गॅस्टेरियाचं. तिची पानं बहुधा जिभेसारखी आणि पुष्कळदा दोन ओळींत समोरासमोर येतात. फुलं लालसर आणि बुडाशी फुगीर. ग्रीक भाषेत गॅस्टर म्हणजे पोट, त्या पोटावरूनच तिचं नाव पडलं. कोरफडीची फुलं पिवळी किंवा केशरी, नळीसारखी. हॉवर्थियाची फुलं मात्र अगदी बारीक, पांढरी, त्यांवर हिरवट-तपकिरी रेघा, आणि तारेसारख्या लांब दांड्यावर विरळ लागलेली. रोपाच्या मानानं दांडा इतका लांब की पहिल्यांदा पाहिल्यावर हसूच येतं. नावाबद्दल शंका असली तर फुलापर्यंत थांबा, फूल खोटं बोलत नाही.

एक भीती इथेच घालवते. घायपाताला एकदा फुलोरा आला की तो मरतो, म्हणून काही जण हॉवर्थियाला दांडा आला की घाबरतात. हिचं तसं नाही. फुलं येतात, सुकतात, दांडा वाळला की कापून टाकायचा, रोप पुढे चालू.

पान उलटून पाहा

त्या सोमवारी मी ऑफिसातून आल्यावर आजी आणि मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसलो. आजीचं माहेर महूकडचं, शेतकऱ्याचं घर. बटाट्याच्या फोडी लावण्याआधी सुकवून घ्यायच्या हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. ती म्हणाली, "ओली जखम मातीत घातली की सडणारच. आधी वाळू दे."

खालची कुजलेली पानं आम्ही एकेक करून काढली. मऊ भाग धारदार सुरीनं कापत गेलो, आतला गाभा पांढरट-हिरवा आणि घट्ट दिसेपर्यंत. प्रत्येक कापाआधी सुरी स्पिरिटनं पुसली. मधली सातआठ पानं उरली. तो उरलेला गुच्छ एका बशीत ठेवून आजीनं देवघराजवळच्या कपाटावर, सावलीत, वारा लागेल असा ठेवला. सहा दिवस त्याला कुणी हात लावला नाही.

काढलेली पानं माझ्या हातात होती. त्यांच्याकडे बघताना मला एक गोष्ट दिसली. पांढरे ठिपके पानाच्या बाहेरच्या बाजूला तर होतेच, पण आतल्या बाजूलाही, म्हणजे गुच्छाच्या मध्याकडे तोंड असलेल्या बाजूलाही, बारीक ठिपके होते. मग मी रात्री बसून वाचत गेले आणि उलगडा झाला.

फॅसिएटा आणि अ‍ॅटेन्युएटा या दोन जवळच्या जाती आहेत. बाजारात फॅसिएटाच्या नावाखाली विकली जाणारी बहुतेक रोपं खरं तर अ‍ॅटेन्युएटा असतात. दोन्हींतला फरक घरच्या घरी असा ओळखता येतो :

पानाची आतली बाजू बघा. फॅसिएटाची आतली बाजू गुळगुळीत, बिनठिपक्यांची असते. अ‍ॅटेन्युएटाच्या दोन्ही बाजूंना ठिपके असतात. एवढी एक खूण बहुतेक वेळा पुरते.

आकार बघा. फॅसिएटाची पानं जाड, आखूड आणि आत वळलेली, बंद होणाऱ्या मुठीसारखी. अ‍ॅटेन्युएटाची पानं लांब, निमुळती आणि बाहेर पसरलेली.

खराब झालेलं एखादं पान काढलंच असेल तर मोडून बघा. फॅसिएटाचं पान आत तंतुमय लागतं, अ‍ॅटेन्युएटाचं तसं लागत नाही. यासाठी चांगलं पान मात्र मोडू नका!

आणि तुमचं रोप गुच्छासारखं न राहता उभ्या खांबासारखं उंच वाढत असेल, तर ते या दोघींपैकी कुणी नसून कोआर्क्टाटा किंवा राइनवार्डटी असण्याची शक्यता जास्त.

गंमत म्हणजे हे सगळं नावांतच लिहिलेलं आहे. लॅटिनमध्ये फॅसिया म्हणजे पट्टा, म्हणून फॅसिएटा म्हणजे पट्टेवाली. अ‍ॅटेन्युएटा म्हणजे निमुळती होत गेलेली. पट्टे दोघींनाही आहेत, म्हणून दुकानदाराला पट्टेवालीचं नाव सोपं वाटलं असावं. निमुळतेपण कुणी पाहिलंच नाही.

नावामागचा माणूस

हॉवर्थिया हे नाव आलं एड्रियन हार्डी हॉवर्थ या इंग्रज अभ्यासकावरून. जन्म १७६७, मृत्यू १८३३. त्याचा जीव दोन गोष्टींत, फुलपाखरं-पतंगांत आणि रसाळ पानांच्या वनस्पतींत. दोन्हींवर त्यानं लिहिलं. त्याच्या काळी या छोट्या वनस्पती कोरफडीच्याच प्रजातीत, म्हणजे अ‍ॅलोमध्ये, मोजल्या जात. १८०९ मध्ये ड्युव्हाल नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं त्यांना वेगळं घर दिलं आणि त्याला हॉवर्थचं नाव दिलं. म्हणजे आजीनं दारात उभं राहून जे म्हटलं, 'हिच्याच घरातलं दिसतं', तेच दोनशे वर्षांपूर्वीच्या विद्वानांनाही वाटत होतं.

पुढे हे एकत्र कुटुंबही विभक्त झालं. जनुकांचा अभ्यास झाल्यावर कळलं की हॉवर्थिया म्हणून एकत्र ठेवलेल्या सगळ्या वनस्पती एकमेकींच्या सख्ख्या नाहीत. तेव्हा तीन घरं झाली : हॉवर्थिया, हॉवर्थियॉप्सिस आणि टुलिस्टा. आपलं पट्टेवालं रोप २०१३ पासून हॉवर्थियॉप्सिसमध्ये आहे. ऑप्सिस म्हणजे 'सारखं दिसणारं'. मूळ हॉवर्थियाच्या घरात राहिल्या त्या बहुतेक मऊ पानांच्या. त्यांतल्या कूपरीसारख्या काहींच्या पानांची टोकं काचेसारखी पारदर्शक असतात, आणि त्या खिडक्यांमधून उजेड पानाच्या आत पोचतो. पानाचा बाकीचा भाग बऱ्याचदा मातीत लपलेला असतो.

तर माझ्या बहिणीच्या रोपाचं पूर्ण नाव ठरलं, हॉवर्थियॉप्सिस अ‍ॅटेन्युएटा. मी तिला मेसेज केला. रोप कुजल्याचंही त्यातच सांगून टाकलं. तिचं उत्तर आलं, "नाव राहू दे, जगेल ना?"

गाव कळलं की गरज कळते

तिचा प्रश्न बरोबर होता. पण नावाचा उपयोग इथेच झाला. नाव कळलं की त्या झाडाचं गाव कळतं, आणि गाव कळलं की त्याची गरज कळते.

अ‍ॅटेन्युएटाचं गाव दक्षिण आफ्रिकेचा ईस्टर्न केप प्रांत. तिथे ती उघड्या माळावर नव्हे, तर झुडपांच्या आडोशाला आणि खडकांच्या कपारीत वाढते. तिथला पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळत नाही, थोडा थोडा वर्षभर विखुरलेला असतो. पाणी खडकाळ जमिनीतून लगेच निघून जातं. फॅसिएटाचा मुलूख मात्र बराच लहान, पूर्वी पोर्ट एलिझाबेथ म्हणत त्या शहराच्या आसपासचा, वाळूच्या आम्लधर्मी जमिनीचा.

अशा जागी राहणाऱ्या झाडाला आपण काय दिलं? भर पावसात उघडी गॅलरी आणि माळव्याची काळी माती. ही माती कपाशीला आणि सोयाबीनला छान, पण एकदा भिजली की दिवसेंदिवस ओली राहते. मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

आणखी एक गोष्ट. बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म रंध्रं दिवसा उघडतात. कोरफड आणि हॉवर्थिया ती मुख्यतः रात्री उघडतात. गारव्यात हवा आत घेऊन ठेवायची आणि दिवसा दारं बंद करून आतल्या आत अन्न बनवायचं. त्यामुळे पाणी फार कमी उडतं. आमच्या दारावरची कोरफड वर्षभर हिरवी राहिली ती याच काटकसरीवर आणि पानांतल्या साठ्यावर. ज्याच्या घरात पिंप भरलेलं आहे त्याला रोज तांब्याभर पाणी कशाला?

आपल्या हवेत कसं वाढवायचं

सहा दिवसांनी गुच्छाच्या बुडाशी कोरडी खपली धरली. आम्ही ते नव्या मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवलं. आठवडाभर थेंबभरही पाणी दिलं नाही. नंतर कडेनं अगदी थोडं. साधारण पाच आठवड्यांनी मी गुच्छ हळूच ओढून पाहिला, तर तो हलेना. मुळं फुटली होती. मी आजीला हाक मारली. तिनंही एका बोटानं ढकलून पाहिलं आणि काही न बोलता चहा टाकायला गेली. त्या दिवशी चहात आलं जास्त होतं.

तेव्हापासून आम्ही पाळतो ते नियम असे :

माती : एक भाग कुंडीची माती किंवा जुनं कंपोस्ट आणि दोन भाग खरबरीत सामान. आम्ही नर्मदेची जाडी रेती धुऊन, विटांचा चुरा आणि थोडं परलाइट घातलं. बारीक रेती नको, ती सिमेंटसारखी बसते. मिश्रणात पाणी ओतलं की ते लगेच खालून निघायला हवं.

कुंडी : लहान, खाली भोक असलेली, शक्यतो मातीची. भोक नसलेले सुंदर चिनी मातीचे कप हे या रोपाचे शत्रू. कप आवडलाच असेल तर त्यात भोक पाडून घ्या.

पाणी : अगरबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसायची. दमट निघाली तर पाणी नाही. पूर्ण कोरडी निघाली तर भरपूर पाणी, खालून निथळेपर्यंत, आणि मग पुन्हा वाट बघायची. आमच्याकडे हिवाळ्यात साधारण दहा-पंधरा दिवसांनी पाळी येते. पानांच्या बेचक्यात पाणी साठू द्यायचं नाही.

ऋतू : भर उन्हाळ्यात, पारा चाळिसाच्या वर गेला की हे रोप वाढ थांबवून विश्रांती घेतं. तेव्हा मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळी अगदी थोडंच पाणी. पावसाळ्यात छपराखाली, वाऱ्याच्या जागी ठेवायचं आणि पाणी जवळजवळ बंद. खरी वाढ होते ती दिवाळीपासून होळीपर्यंत. कुंडी बदलायची, पिलं वेगळी करायची तीही याच काळात. गोवा-बेळगावच्या मंडळींनी पावसाची जास्त काळजी घ्यावी, ग्वाल्हेर-बडोद्याच्या मंडळींनी उन्हाची.

ऊन : सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही. पानं लालसर-तपकिरी झाली तर ऊन जास्त होतंय. पानं फिकट होऊन लांब पसरायला लागली तर उजेड कमी पडतोय. टेबलावर ठेवायचं असेल तर खिडकीजवळचं टेबल निवडा.

तहान की कूज : पानं आत वळली, पातळ झाली, पण घट्ट राहिली तर ती तहान. पाणी दिलं की चारसहा दिवसांत सुधारतात. पानं मऊ, पाणचट, पारदर्शक दिसू लागली आणि रोप डुगडुगायला लागलं तर ती कूज. तेव्हा वाट न बघता उपटा, कापा, वाळवा. तहानलेलं रोप वाचतं, कुजलेलं क्वचितच. म्हणून शंका असेल त्या दिवशी पाणी न देणंच बरं.

कीड : पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन पुसून काढा, आठवड्यानं पुन्हा बघा. मुळांनाही तो लागतो, म्हणून कुंडी बदलताना मुळं नीट तपासा. जुनी, वाळकी मुळं या रोपाला असतातच, ती हातानं काढून टाकायची. आणि रोप दरवर्षी थोडं खाली गेल्यासारखं वाटलं तर घाबरू नका. त्याची मुळं आकसतात आणि त्याला जमिनीत ओढून घेतात, ही त्याची मूळची सवय.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तरी चिंता नको, हे रोप त्यांना विषारी नाही. कोरफड मात्र त्यांच्या पोटाला बाधते, तेवढी उंचावर ठेवा.

घेताना एवढं बघा

ओळख पटवण्यात आणखी एक मोठी गोष्ट आहे. गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०१९ नंतर, दक्षिण आफ्रिकेतल्या रानातून छोटी रसाळ झाडं चोरून उपटून परदेशी विकण्याचा धंदा फोफावला. सगळ्यांत जास्त फटका बसला कोनोफायटम नावाच्या गोट्यांसारख्या इवल्या झाडांना. पोलिसांनी पकडलेली अशी रोपं लाखांनी आहेत. एखादी जात एकाच टेकडीवर असते, कुणीतरी पोतं भरून नेलं की ती टेकडीवरून संपते. आणि हे सगळं जातं कुठे? आपल्यासारख्यांच्या खिडक्यांतच.

झेब्रा रोपाच्या बाबतीत आपलं मन स्वच्छ ठेवता येतं, कारण अ‍ॅटेन्युएटा बुडाशी भराभर पिलं देते आणि नर्सरीत सहज वाढते. रानातून आणायची कुणाला गरजच नाही. पण दुर्मीळ म्हणून महागडं काही ऑनलाइन दिसलं, पानांवर जुने ओरखडे, वेडावाकडा आकार, मातीऐवजी नुसती तुटकी मुळं आणि कुठून आलं याचं धड उत्तर नाही, तर घेऊ नका. त्यापेक्षा मैत्रिणीकडून पिलू मागा. पिलू आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं झालं आणि त्याला स्वतःची मुळं आली की हलकेच सुटतं. जखम दोनचार दिवस वाळू द्या आणि लावा.

दिवाळीत बहीण घरी आली. आल्या आल्या तिनं कुंडी पाहिली आणि म्हणाली, "केवढंसं झालंय!" झालंच होतं. पण मधून एक नवं, कोवळं पान वर आलं होतं, त्यावर पट्टे अजून पुसट होते. मी तिला सगळं सांगितलं, आजीवर ओरडल्याचंही. आजी तिथेच करंज्या भरत बसली होती. मी तिच्यासमोर म्हणाले, "आजी, चूक माझी होती. मलाच माहीत नव्हतं."

आजी करंजीची कड मुडपत म्हणाली, "मला तरी कुठे माहीत होतं? आता दोघींना माहीत झालं."

या वर्षी फेब्रुवारीत रोपाला बुडाशी दोन पिलं आली. एक बहीण सुट्टीत घेऊन जाणार आहे. दुसरं आजीच्या खिडकीत जाईल असं आजीनंच ठरवून टाकलंय. तुळशीला ती अजूनही रोज पाणी घालते, पण झेब्र्याच्या कुंडीत अगरबत्तीची काडी खुपसून मला दाखवते आणि विचारते, "बघ गं, कोरडी आहे का?"

तुमच्याकडेही हे रोप असेल तर आज एकदा पान जरा वाकवून आतल्या बाजूला बघा. ठिपके आहेत की नाहीत? आणि घरात त्याला रोज प्रेमानं पाणी घालणारं कुणी असेल, तर त्यांना आधी नीट समजावून सांगा. मी सांगितलं नव्हतं, म्हणून म्हणते.